पिवळी, लाल आणि पाव किलो वाल

मला मोटार चालवता येत नाही, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर कुणीतरी ते शोधून काढणार आणि मग विचारणार, 'चालवता येत नाही, तर यांनी यात नाक का खुपसलं? यांचं काय ठरलं होतं?' हल्ली पेणमध्ये मला एवढंच विचारतात. तोंडावर नाही विचारत, पण माझी पाठ फिरली की विचारतात आणि माझे कान अजून शाबूत आहेत.

मी टिपणीस. वजनमापे खात्यात चौतीस वर्षं निरीक्षक होतो. तराजूच्या पारड्याखाली चिकटवलेली चिंच, रॉकेलच्या मापाचा आत ठोकलेला तळ, दोरीनं वर ओढलेला काटा, सगळं मी बघितलंय. माणूस हसून 'या साहेब' म्हणाला की मी आधी त्याच्या तराजूकडे बघतो. या चौतीस वर्षांत मी कुठल्याही दुकानात चहा घेतला नाही. पाणीसुद्धा घरून न्यायचो. माझी पत्नी विमल म्हणते, त्यामुळेच पेठेत आम्हाला कधी कुणी चांगला नारळ दिला नाही. पण 'टिपणीस खात नाही' हे पेणपासून रोह्यापर्यंत सगळ्यांना माहीत होतं, आणि निवृत्त होताना मी घरी आणलं ते एवढंच.

शेजारचा हिरामण म्हात्रे एका सकाळी आला तो याच भरवशावर. हिरामणची जमीन धरमतरच्या खाडीला लागून होती. ती एका कंपनीच्या धक्क्यासाठी गेली, त्याचे पैसे आले आणि त्यानं आमच्या गल्लीत बंगला बांधला. आता त्याला गाडी हवी होती. साधी नव्हे, शर्यतीची. दोन दारांची, बुटकी, ढुंगण रस्त्याला घासत जाणारी.

"काका, दोन गाऱ्या हायत," तो म्हणाला. "लाल हाय ती पेणच्या हैबतराव कंत्राटदाराची. पिवली हाय ती रोह्याच्या पोपटशेटची. दोघं बी इकतात. तुमी सांगाल ती घेनार. तुमच्याबिगर मना कुनाचा भरवसा नाय."

"अरे, मला त्यातलं काय कळतं?"

"खोटा काय ता कलता ना? बस झाला."

हे ऐकून माझी छाती फुगली, हे कबूल करतो. मी एकच अट घातली. दोन्ही मालकांकडे मी चहा घेणार नाही. हिरामण म्हणाला, "नका घेऊ. आमच्याकरं घ्या."

बातमी गल्लीत पसरायला त्याच्या चपला माझ्या दारातून निघायचाच अवकाश होता. समोरच्या गिरजाबाई, ज्यांचा पोह्या-पापडांचा घरगुती व्यवसाय आहे आणि ज्या पापड वाळत घालताना सगळ्यांच्या घरात बघतात, त्या गच्चीवरूनच ओरडल्या, "काका, गाडीत गणपती मावतो का ते आधी बघा!" वरकरणी हा विनोद वाटेल. पण पेणमध्ये गाडी घेताना हा प्रश्न विचारतातच. दोन फुटी मूर्ती मांडीवर घेऊन, तिच्या तोंडावरचा रुमाल न हलू देता बसता आलं पाहिजे. मी वहीत पहिला रकाना आखला तो 'मूर्ती'.

दुसरा रकाना 'वेग'. हैबतरावांनी लाल गाडी माझ्या दारात आणली. हैबतराव उंच, पांढऱ्या कपड्यातला, बोलताना समोरच्याचा खांदा दाबणारा माणूस. मला असे खांदे दाबणारे आवडत नाहीत. गाडीत मी बसलो म्हणणं चूक होईल, मी तिच्यात उतरलो. माझे गुडघे कानांना लागले. समोरच्या घड्याळात तीनशेवीसपर्यंत आकडे होते. पेणहून वडखळपर्यंत काटा एकदाच पन्नासला गेला आणि लगेच खड्डा आल्यामुळे शरमून परत आला. पुढे रस्त्याचं काम चालू होतं. तिथे रोह्याची लाल एसटी आम्हाला ओलांडून गेली आणि खिडकीतली एक बाई आमच्या टपावर पानाची पिंक टाकून मोकळी झाली. परतल्यावर मला बाहेर काढायला हिरामण आणि हैबतराव असे दोघे लागले.

मी वहीत लिहिलं, 'घड्याळात तीनशेवीस. प्रत्यक्ष पन्नास.' आता बघा, दुकानदारानं एक किलोचे पैसे घेऊन दीडशे ग्रॅम साखर दिली असती तर मी त्याचं दुकान सील केलं असतं. हे मी हैबतरावांना सांगितलं. ते म्हणाले, "काका, रस्ता माझा नाही." दुकानदारही असंच म्हणायचे, की ओल हवेत होती, साखरेत नव्हती.

दुसऱ्या दिवशी पोपटशेटनं रोह्याहून पिवळी आणली. पोपटशेट बुटका, घामाघूम आणि फार कमी बोलणारा. कमी बोलणाऱ्यांचा मला जास्त संशय येतो. पिवळीत माझे गुडघे हनुवटीपर्यंतच आले आणि बाहेर काढायला एकटा हिरामण पुरला. तिनं वडखळच्या वाटेवर साठ गाठले. गतिरोधकावर लालीचं पोट घासलं होतं, पिवळीचं नाही, कारण पोपटशेटनं एक बटण दाबलं आणि गाडी बाईनं साडी सावरावी तशी चार बोटं उचलली गेली. हे मला आवडलं. मला काही आवडलं की मी आणखी सावध होतो.

राहिली किंमत. गल्लीत कुणी म्हणालं इंजिन बघा, कुणी म्हणालं टायर बघा, निवृत्त एसटी ड्रायव्हर केरू म्हणाला नुसता आवाज ऐका. मला यातलं काहीच येत नव्हतं. मला येत होतं ते वजन. गाडी असो की सुरमई, ती किलोला काय भावानं पडते हे बघितल्याशिवाय स्वस्त-महाग कसं कळणार? लालीची किंमत चोपन्न लाख, कंपनीच्या पुस्तकात वजन चौदाशे चाळीस किलो. पिवळीची साठ लाख, वजन पंधराशे. म्हणजे लाल किलोला तीन हजार साडेसातशे, पिवळी चार हजार. हे पुस्तकातलं झालं. पुस्तकावर विश्वास ठेवायला मी शाळेत मास्तर नव्हतो.

दोन्ही गाड्या घेऊन आम्ही धरमतरकडच्या वजनकाट्यावर निघालो. आधी टाक्या काठोकाठ भरायच्या होत्या, म्हणजे पेट्रोलमुळे फरक पडायला नको. पंपावर मी पाच लिटरचं माप मागितलं. ग्राहकाचा तो हक्क आहे. मागे सहा रिक्षा आणि एक वऱ्हाडाचा टेम्पो तुंबला. नवरदेवानं खाली उतरून मला हात जोडले. पंपाचं माप एक थेंबभरही कमी नव्हतं, याचं मला थोडं वाईटच वाटलं.

वजनकाट्यावर पाहतो तर पडताळणीच्या शिक्क्याची मुदत तीन महिन्यांपूर्वी संपलेली. अशा काट्यावर मी वजन घेणं म्हणजे पुजाऱ्यानं चपला घालून गाभाऱ्यात जाणं. मी तिथूनच माझ्या जुन्या ऑफिसात फोन लावला. माझ्या जागी आलेला साहेब तरुण आहे, हुशार आहे. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "टिपणीस साहेब, काटेवाला किती म्हणतोय?"

"किती म्हणजे?"

"म्हणजे, निवृत्तीनंतर तुम्ही हे सुरू केलंत, तर आम्हाला आधी कल्पना द्यायची ना."

मी फोन बंद केला. हिरामणनं काय झालं म्हणून विचारलं, तर मी ऊन लागलं म्हणालो.

काटा तपासायचा मार्ग हिरामणनंच काढला. जवळच त्याच्या मेव्हण्यांचं मिठागर होतं. तिथल्या शिक्क्याच्या तराजूवर मी पन्नास किलो मिठाची एकेक गोण स्वतः तोलली. अशा अठ्ठावीस गोणी काट्यावर रचल्या. आकडा आला चौदाशे. काटा बरोबर होता. गोणी उतरल्या, पिवळी चढली. पंधराशे पाच. पाच किलो म्हणजे मागच्या सीटखालची हत्यारं, पोपटशेटनं न विचारताच काढून दाखवली. मग लाल चढली.

चौदाशे ऐंशी.

"चालीस किलो वर!" हिरामण खूश झाला. "काका, लाल तं अजून सस्ती परली!"

मी मात्र आकडा पुन्हा वाचला. चौतीस वर्षांत मी हजारो मापं तपासली. कमी देणारे शेकड्यांनी भेटले. जास्त देणारा एकही भेटला नाही. चाळीस किलो फुकट कोण देतो? हैबतरावांनी येऊन माझा खांदा दाबला आणि म्हणाले, "मजबूत आहे गाडी." तेव्हा तर माझी खात्रीच पटली.

पण खात्री म्हणजे पुरावा नव्हे. आम्ही परत फिरलो तेव्हा हिरामण म्हणाला, "जोह्याला जाऊ. सरूताय बघेल." सरूताई त्याची चुलत बहीण. जोह्याच्या मूर्तींच्या कारखान्यात वीस वर्षं आहे. गणपतीच्या डोळ्यांची आखणी करते आणि प्रवासात भंगलेल्या मूर्तीही तिच्याकडेच येतात. गाडी बघायला मूर्तीवाली? मला पटेना. पण हैबतराव "कशाला उगाच?" म्हणाले, तेव्हा मला ताबडतोब पटलं.

सरूताई हातावरचा रंग पदराला पुसत बाहेर आली. लाल गाडीकडे तिनं बघितलंच नाही. डोळे मिटले आणि बोटं पुढच्या चाकावरून दारापर्यंत फिरवली. मग उलट्या बोटांनी टिचक्या मारल्या. टण, टण, टण, ठप्प. ठप्प, ठप्प.

"ही फुटलेली हाय," ती म्हणाली. "पत्र्यावर पत्रा ठोकलाय, वरून लांबी भरलीय, घासलीय नि मंग फवारा मारलाय. काम चांगला हाय, पन हिकरचा निम्मा आंग नवा हाय."

लांबी म्हणजे भेगा बुजवायचा लेप. मूर्तीलाही तोच, गाडीलाही तोच. चाळीस किलोंचा हिशेब तिथे लागला. हिरामण दोन पावलं मागे सरला. "म्हंजे खंडित?"

"खंडित," सरूताई म्हणाली.

झालं. आमच्याकडे भंगलेली मूर्ती कितीही सुंदर जोडली तरी कुणी पूजेला नेत नाही. हिरामणनं लाल गाडीला लांबूनच हात जोडले, आणि हैबतराव माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मीच ती ठोकली होती.

इथे प्रकरण संपायला हवं होतं. लाल खोटी, पिवळी खरी. रविवारी हिरामणच्या अंगणात दोन्ही मालक आणि गल्लीतली मंडळी जमणार होती, तिथे मी निकाल सांगायचा आणि चहा प्यायचा. पण हैबतरावांनी आदल्या दोन दिवसांत पेठेत पसरवलं की टिपणीसाला पोपटशेटनं गाठलं आहे. मी हसलो. माझ्याबद्दल हे कुणाला खरं वाटणार?

शनिवारी दुपारी जेवायला वालाचं बिरडं होतं. आता आम्हा कायस्थांकडे बिरडं म्हटलं की माणूस इतर विचार करत नाही. विमलनं नारळाच्या रसात केलं होतं. मी दोन वाट्या खाल्ल्या, तिसरी बोटांनी पुसत होतो, तेवढ्यात फोन वाजला. पोपटशेट होता. आयुष्यात पहिल्यांदा तो आपणहून बोलला.

"काका, वाल गोड आहेत ना? घरच्या शेतातले आहेत."

माझं बोट वाटीतच राहिलं. विमलला विचारलं, तर ती म्हणाली, "तुम्ही धरमतरला गेला होतात ना, तेव्हा रिक्षावाला पाच किलोची पिशवी देऊन गेला. रोह्याहून आलेत म्हणाला. मला वाटलं, रोह्याच्या माझ्या ताईनं पाठवले. दर वर्षी पाठवते. मी लगेच पाव किलो भिजत घातले."

दोन दिवस ते वाल माझ्या स्वयंपाकघरात फडक्यात बांधून मोड काढत बसले होते आणि मी ओटीवर बसून हैबतरावांना हसत होतो. चौतीस वर्षं मी चहा नाकारला आणि लाच खाल्ली ती भाताबरोबर, कोथिंबीर पेरून. मला रडू येईल की काय असं वाटलं. विमल तर रडलीच.

मी पिशवी तोलली. पावणेपाच किलो. पाचच्या पाच परत गेले पाहिजेत, कमी माप मी कुणाला देणार नाही. बाजारातून पाव किलो वाल आणले, पिशवीत मिसळले आणि गाडी पकडून रोह्याला गेलो. पोपटशेट घरी नव्हता. ओसरीवर त्याची आई, ठमाबाई, बसली होती. तिनं पिशवी सुपात ओतली आणि लगेच थांबली.

"ह्ये सगले आमचे नाय. ह्ये मोठे हायत, कडू निंगतील. आमच्या वालात भेसल कुनी केली?"

वजनमापे खात्याच्या निरीक्षकाला हे ऐकावं लागलं. मी खाली बघून म्हणालो, "मी केली." म्हातारीनं कीव आल्यासारखं मला पुढ्यात बसवून माझे वाल एकेक करून निवडले, कागदाच्या पुडीत बांधले आणि माझ्या हातात दिले. चहा विचारला नाही. एवढंच बरं झालं.

पेण स्टेशनवर उतरलो तर समोर गिरजाबाई, पापडांचे डबे घेऊन.

"रोह्याहून का काका? अगोबाई, वाल वाटतं! रोह्याचे?"

"नाही. पेणचे."

"पेणचे वाल घेऊन रोह्याहून आलात?"

मी खरं सांगितलं असतं तरी ते तिथे स्टेशनवर मलाच खोटं वाटलं असतं.

रविवार उजाडला. हिरामणच्या अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या. हैबतराव एका बाजूला, पोपटशेट दुसऱ्या बाजूला, मधे गल्ली. सरूताईही जोह्याहून आली होती, भिंतीला टेकून उभी होती. कुजबूज चालली होती आणि तिच्यात 'वाल' हा शब्द मला तीनदा ऐकू आला. हिरामण हात जोडून म्हणाला, "काका, सांगा. कुठली घेऊ?"

पिवळी चांगली होती. वहीतला प्रत्येक रकाना तेच सांगत होता. पण मी 'पिवळी' म्हटलं की चौतीस वर्षांची पुंजी त्याच अंगणात जाणार, हे मला दिसत होतं. गिरजाबाई पुढे झुकून बसल्या होत्या.

"लाल नको," मी म्हणालो. "फुटलेली आहे." मग वही मिटली. "आणि पिवळीही नको. तिच्या, म्हणजे, आवाजात मला खोट वाटते."

अंगणात टाळ्या पडल्या. खरंच टाळ्या! केरू म्हणाला, माणूस असा असावा. गिरजाबाई म्हणाल्या, मला तर पहिल्यापासून ठाऊक होतं, काका तसले नव्हेतच. हैबतरावांनीसुद्धा माझा खांदा दाबला. पोपटशेटनं रुमालानं कपाळ पुसलं आणि पिवळी घेऊन रोह्याला निघून गेला.

घरी आल्यावर विमलनं विचारलं, "पिवळीत काय वाईट होतं?"

"काही नाही."

"माझ्या बिरड्यामुळे ना?"

नाव वाचलं होतं, पण चौतीस वर्षांत पहिल्यांदा खोटं माप मी स्वतः दिलं होतं, आणि तेही ज्यानं डोळे मिटून विश्वास ठेवला त्याला. दोन दिवस मला लोक रस्त्यात थांबवून नमस्कार करत होते. मी पोटदुखीचं कारण सांगून बाहेर जाणंच बंद केलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी दारात हॉर्न वाजला. पिवळी होती. चाकावर हार, समोर फुटलेला नारळ, आत हिरामण.

"घेतली, काका!"

"अरे, मी तर नको म्हटलं होतं!"

"बोललाव तं. पन सरूताय बोलली, लाल नको बोलताना काकांचे डोले सरल हुते. पिवली नको बोलताना डोल्यांची आखनीच बिघरली. मानूस खोटा बोलतोय, पिवली घे." तो हसला. "तुमाला खोटा बोलाला येत नाय, काका. म्हनून तं तुमाला इचारला."

मला कुठे बघावं कळेना. एवढं सरळ मला आजवर कुणी काही म्हटलं नव्हतं.

"पन तुमी घाबरू नका," हिरामण पुढे म्हणाला. "तुमचा मान राखलाय. मी गल्लीत सगल्यांना सांगून टाकला, की काकांनी पिवलीच सांगलीवती. कानात."

मी वर बघितलं. गल्ली गच्चीत, खिडक्यांत आणि ओट्यांवर उभी होती. मी पायरीवर उभा राहिलो आणि आयुष्यात पहिल्यांदा रस्त्यावर ओरडून बोललो. पिवळी चांगलीच होती. पोपटशेटच्या वालांचं बिरडं मी नकळत खाल्लं होतं. तुम्ही काय म्हणाल या भीतीनं मी भर अंगणात खोटं बोललो. कानात मी काहीही सांगितलेलं नाही. सगळं सांगून झाल्यावर मला फार हलकं वाटलं.

गल्ली विचारात पडली. गिरजाबाईंच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडत गेला.

"अगोबाई!" त्या म्हणाल्या. "म्हणजे अंगणात 'नको' म्हणायचे एकाकडून, कानात 'घे' म्हणायचे दुसऱ्याकडून. दोघांकडूनही घेतलेत!"

मी गाडीत उतरलो, गुडघे हनुवटीशी घेतले आणि हिरामणला म्हटलं, "चल."